मी न लिहिलेल्या चार ओळी

२०२०च्या मार्चमध्ये सिडनीत, पेंडल हिलच्या दुकानांतून तांदूळ आणि तूरडाळ गायब झाली, आणि त्याच आठवड्यात लोक माझ्याकडे मलेरियाची गोळी मागायला लागले. ती करोनावर चालते असं कुणीतरी टीव्हीवर सांगितलं होतं. इंजिनियर, प्रोफेसर, एरवी क्रोसिन घ्यायलाही मला तीनदा विचारणारे शहाणे लोक फोन करून म्हणत, "अगं, एक प्रिस्क्रिप्शन दे ना लिहून. घरात असलेली बरी." एका मैत्रिणीला मी म्हटलं, "घरात उंदराचं औषधही असतं. म्हणून खातेस का?" ती माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. माझा स्वभाव तसा आहे, आणि त्या महिन्यात तो जास्तच तसा होता.

मी क्वेकर्स हिलला जीपी आहे, म्हणजे आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर. वीस वर्षं उलटून गेली. त्या मार्चमध्ये आम्ही ताप-खोकल्याचे पेशंट आत घेत नव्हतो. ते मागच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे आणि मी प्लॅस्टिकचा एप्रन घालून त्यांच्या खिडकीशी जायची. वारा आला की एप्रन तोंडावर यायचा.

अशाच एका गाडीत तो होता. पंचेचाळिशीचा, पूर्वी सैन्यात असलेला, माझ्या अगदी सुरुवातीच्या पेशंटांपैकी एक. मधली बरीच वर्षं तो दुसऱ्या दवाखान्यांत गेला होता, अलीकडे परत माझ्याकडे यायला लागला होता. घसा तपासून झाल्यावर म्हणाला, "डॉक, लोक मलेरियाच्या गोळीसाठी रांगा लावतायत म्हणे. आम्हाला रांगेत उभं करून दिली होती."

"ती वेगळी गोळी," मी म्हटलं.

"माहितीये. पण घराणं तेच." आणि हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "मी क्लेम टाकतोय."

गोष्ट अशी होती. विशी-पंचविशीत त्याला शांतिसेनेबरोबर उत्तरेकडच्या एका बेटावर पाठवलं होतं. तिथे मलेरिया फार. सगळ्या तुकडीला गोळी सुरू केली. सार्जंट प्रत्येकाला तोंड उघडायला लावून गिळली की नाही ते बघायचा. तिसऱ्या आठवड्यापासून त्याला पायाखालची जमीन कलल्यासारखी वाटायला लागली. उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडायला लागली. खाटेच्या पायथ्याशी एक माणूस येऊन बसायचा. वरिष्ठांनी सांगितलं, उष्णतेने होतं. नंतर सांगितलं, तू हळवा आहेस. तो परत आला तरी तो माणूस गेला नाही. तुकडीतल्या आणखी काहींचं असंच झालं होतं, पण प्रत्येकजण आपलं आपलं गिळून बसला. इतक्या वर्षांनी ते फेसबुकवर एकमेकांना सापडले, आणि मग वकील, अर्ज, सरकारकडे भरपाईचा क्लेम. त्या गोळीनेच हे झालं का, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत आणि मी तज्ज्ञ नाही. पण गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी सुरू झाला, एवढं तरी कागदावर दाखवता आलं पाहिजे, असं वकिलाने सांगितलं होतं.

"मला एक कागद हवाय," तो खिडकीतून म्हणाला. "सरकारी. हे त्या गोळीने झालं, असं लिहिलेला. मुलीला दाखवायचाय."

त्याची मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आईबरोबर सिडनीच्या उत्तरेला न्यूकॅसलला राहत होती. तीन वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. ती लहान असताना पॅसेजमध्ये तो माणूस उभा दिसला की हा तिला आणि तिच्या आईला न्हाणीघरात कोंडून दाराशी पहारा देत बसायचा. भर दुपारी, बाहेर आइस्क्रीमची गाडी वाजत असताना. मुलीच्या लेखी तो दारुडा बाप होता. तो पुढे प्यायला लागला हेही खरंच आहे. पण आधी काय आणि नंतर काय, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने सांगून ती मानणार नव्हती. कागद मानेल, असं त्याला वाटत होतं.

"परत आल्यावर मी पहिल्यांदा तुझ्याकडेच आलो होतो," तो म्हणाला. "तुझ्या नोट्स असतील ना?"

"असणारच," मी म्हटलं. "कॉम्प्युटरमध्ये सगळं असतं." आणि आत येऊन एप्रन काढून मोठ्या आत्मविश्वासाने मी त्याची फाइल उघडली.

पहिल्या भेटीखाली चार ओळी होत्या. झोप कमी. कामाचा ताण. दारू, आठवड्यातून तीन-चार वेळा. झोपेबद्दल सल्ला दिला, महिन्याने बोलावलं.

मी त्या परत परत वाचल्या. ती भेट मला लख्ख आठवत होती. चाळीस मिनिटं तो माझ्यासमोर बसला होता आणि रिसेप्शनिस्टने दोनदा दार वाजवलं होतं. गोळी, तिसरा आठवडा, कललेली जमीन, खाटेवरचा माणूस, रायफल दुसऱ्याकडे ठेवायला द्यावीशी वाटणं, सगळं त्याने सांगितलं होतं. मला ते पटलंही होतं. मी त्यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आळसाने नव्हे, विसरूनही नव्हे. ठरवून.

हे इथल्या कुणाला समजावून सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात येण्याआधी तीन वर्षं मी पुण्यात एका वयस्कर डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं. त्यांचा दवाखाना पेठेत, गल्ली अशी की समोरच्या घरातल्या फोडणीवरून आज काय भाजी ते कळावं. तिथे आया आपल्या मुलींना मागच्या दाराने घेऊन यायच्या. मुलीला आवाज ऐकू येत असायचे, नाहीतर तिने विहिरीत डोकावून पाहिलेलं असायचं. सगळं सांगून झालं की आई पदर सावरत म्हणायची, "कागदावर नको हं, डॉक्टर." आणि सर लिहायचे, अशक्तपणा. चक्कर. पित्त. औषध बरोबर द्यायचे, पुढे वर्षानुवर्षं लक्षही ठेवायचे, पण ते सगळं त्यांच्या डोक्यात. मला म्हणायचे, "आपण एक शब्द लिहायचा आणि त्या पोरीचं लग्न मोडायचं, ही डॉक्टरकी नव्हे." मला ते फार थोर वाटायचं. त्या गल्लीत ते चुकत होते असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही.

तीच सवय मी कुकर आणि स्टेथोस्कोपबरोबर सिडनीला घेऊन आले. इथली परीक्षा पास झाले, सगळे नियम पाठ केले, आणि पहिल्या काही महिन्यांतच हा तरणाताठा मुलगा माझ्यासमोर बसून म्हणाला की त्याला आता अग्निशमन दलात अर्ज करायचाय. माझ्यातली पेठेतली डॉक्टरीण जागी झाली. याची फाइल कुणी मागवली तर? भ्रम, भास असले शब्द दिसले तर कोण घेईल याला? त्याने मला काही लपवायला सांगितलं नव्हतं. उलट उठताना त्याने विचारलं होतं, "हे सगळं लिहिलंस ना, डॉक?" आणि मी, देवाशपथ, अभिमानाने म्हटलं होतं, "काळजी करू नकोस. त्यातलं काहीही लिहिलेलं नाही."

त्याने जॅकेट अंगावर चढवलं. मग "नो वरीज" म्हणून गेला. मी ते आभार समजले.

दारूचं मात्र लिहिलं. त्यासाठी फॉर्मात चौकट होती. आणि गोऱ्या माणसाने दारू पिणं यात झाकण्यासारखं काही असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तो पुढे जिथे जिथे गेला तिथे माझ्या चार ओळी त्याच्या आधी पोचल्या. नंतरच्या प्रत्येक डॉक्टरने ताण आणि दारू वाचलं आणि ताणाची आणि दारूचीच औषधं दिली. त्यांचं काय चुकलं?

संध्याकाळी स्कोफिल्ड्सला आमच्या घराभोवती फेऱ्या मारताना मी नवऱ्याला सांगितलं. तो आयटीतला, त्या दिवसांत डायनिंग टेबलवरून ऑफिस चालवत होता.

"तू हे कुणाला बोललीयस का?" त्याने आधी हेच विचारलं.

"नाही अजून."

"मग बोलू नकोस. आधी तुझ्या इन्शुरन्सवाल्यांना कॉल कर. मुद्दाम लिहिलं नाही म्हणजे काय, कळतंय ना तुला? रजिस्ट्रेशनवर येईल."

"आणि त्याचं काय?"

"त्याच्यासाठी लेटर दे ना. आय रिमेंबर म्हणून लिही. का नाही लिहिलं ते कशाला सांगायला हवं?"

मी त्याच्यावर खेकसले. आणि मग त्याने सांगितलं तेच केलं. पत्र लिहिलं: मला आठवतं त्याप्रमाणे सदर पेशंटने पहिल्या भेटीत अमुक अमुक लक्षणं सांगितली होती. गुळगुळीत, सहीशिक्क्याचं पत्र. ते वाचून त्याची वकीलबाई व्हिडिओवर म्हणाली, "डॉक्टर, ते विचारतील की मग हे नोट्समध्ये का नाही." मी म्हटलं, "विचारू देत." तिने काहीतरी लिहून घेतलं. तिने मला बरोबर ओळखलं असावं.

त्यांनी विचारलं, पण आठ-नऊ महिन्यांनी. माजी सैनिकांचे क्लेम तपासणाऱ्या सरकारी खात्याचं काम एरवीही जलद नसावं, त्यात महामारी. त्यांचं विचारणा करणारं पत्र माझ्या टेबलवर पडून राहिलं. लसीकरण चालू होतं, रोज दीडशे दंड टोचत होते, मला वेळ नव्हता. असं मी त्याला सांगितलं. वेळ होता.

२०२१च्या थंडीत आमचा भाग जवळजवळ बंदच केला. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, बाजाराला एकानेच जायचं. आणि एके दिवशी पोलिसांबरोबर सैनिक दारोदार फिरायला लागले, ज्यांना घरात राहायला सांगितलंय ते घरात आहेत का ते बघायला. त्याच्या शेजाऱ्याला करोना झाला होता म्हणून त्यालाही घरात राहायचा हुकूम होता. सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"डॉक, माझ्या दाराशी दोन पोरं उभी आहेत. युनिफॉर्ममध्ये. एक प्रश्न आहे."

"विचार."

"खरी आहेत का?"

माझ्या खुर्चीसमोर हात पुढे करून एक आजोबा लसीसाठी बसले होते. मी सुई ट्रेमध्ये ठेवली.

"खरी आहेत," मी म्हटलं. "कालपासून टीव्हीवर दाखवतायत. दार उघड, नाव सांग, ते जातील. मी लाइनवर आहे."

मला दार उघडल्याचा आवाज आला, मग एका कोवळ्या आवाजातलं "हाऊ यू गोइंग, मेट", मग याने सांगितलेलं नाव. दार बंद झालं. आजोबांचा हात अजून पुढेच होता.

त्या दुपारी मी त्याला सगळं सांगितलं. पुणं, मागचं दार, पदर सावरणाऱ्या आया, अग्निशमन दल. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुला पटलं होतं?" त्याने विचारलं.

"हो. पूर्ण."

"मला वाटलं होतं तुला पटलं नाही. म्हणून लिहिलं नाहीस." तो पुढे म्हणाला, "तू डॉक्टर. तुलाच जर ते लिहिण्यासारखं वाटलं नाही तर मीच बनवून सांगतोय, असं मला वाटायला लागलं. म्हणून मग आलो नाही परत."

मी रडले. फोनवर, मास्कच्या आत. तोच मला "इट्स ऑल राइट, डॉक" म्हणत होता, आणि मला त्याचाही संताप येत होता, की हा माणूस मला शिव्या का देत नाही.

दुसरं पत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं. त्यात मी का लिहिलं नाही ते स्पष्ट लिहिलं. माझी चूक, माझी सवय, त्याचा काही संबंध नाही. नवरा दोन दिवस बँकेचे कागद काढून बसला. त्याची बाजू बरोबर होती, घरावर कर्ज आहे आणि आमची मुलगी युनिव्हर्सिटीत. इन्शुरन्सवाल्या बाईने कपाळावर हात मारल्याचं मला फोनवरून दिसलं. पत्र गेलं. मला उगाचच हलकं वाटलं. खरं बोललं की सगळं सुधारतं, असं काहीतरी बालिश माझ्या मनात होतं.

निकाल उन्हाळ्यात आला. त्यानेच मला फोनवर वाचून दाखवला, सरकारी इंग्रजी अडखळत. त्याच्या त्या काळच्या लक्षणांची एकमेव तत्कालीन नोंद म्हणजे त्याच्या जीपीची. त्या नोंदीत झोप, ताण आणि मद्यपान एवढंच आहे. जीपीचं नंतरचं पत्र प्रामाणिक असल्याबद्दल शंका नाही, पण इतक्या वर्षांनंतरच्या स्मरणावर फारसा भर देता येत नाही. क्लेम नामंजूर. माझ्या चार ओळी त्यात जशाच्या तशा उतरवल्या होत्या.

"अपील करता येतं," मी म्हटलं.

"नको," तो म्हणाला. "मी दमलोय गं." त्याने इंग्रजीतच म्हटलं, पण मला ते असंच ऐकू आलं. "एक करशील? कागद तर मिळाला नाही. तू मुलीला फोन कर. तू डॉक्टर आहेस. तुझं ऐकेल ती."

त्याने तिचा नंबर पाठवला, आणि काय काय सांगायला हरकत नाही तेही सविस्तर लिहून पाठवलं. म्हणजे सगळंच. मी एका शनिवारी, दवाखाना बंद झाल्यावर तिला फोन केला. बोलायला नीट होती, शांत. मी तिला पहिल्या भेटीपासून सगळं सांगितलं. गोळीने झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, पण दारू नंतर आली, माणूस आधी आला, हे मी शपथेवर सांगू शकते. मला ती भेट काल घडल्यासारखी आठवते, असंही म्हटलं.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग आईला तुम्ही वेगळं का सांगितलंत?"

"तुझ्या आईला?"

"माझ्या वेळी प्रेग्नंट असताना ती तुमच्याकडे यायची. तिने विचारलं होतं तुम्हाला, माझा नवरा असं का करतो, मी याच्याबरोबर राहू का. ती अजून सांगते. तुम्ही म्हणालात, काळजीसारखं काही नाही, कामाचा ताण आहे, दारू थोडी कमी करायला सांग. म्हणून ती राहिली."

मी तिच्या आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. मला आठवला नाही. केसांचा रंगसुद्धा नाही.

"तुम्हाला सगळं आठवतं म्हणालात," मुलगी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"मी नोट्स बघते," मी म्हटलं. "बघून तुला सांगते."

फोन ठेवून मी तिच्या आईची जुनी फाइल शोधून काढली. अठरावा आठवडा. वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके, सगळं उत्तम. त्याखाली माझ्याच शब्दांत: नवऱ्याच्या वागण्याबद्दल चिंता. धीर दिला.

आईची नोंद मुलीला सांगायची तर आईची लेखी परवानगी लागते, असा नियम आहे. तो नियम मला तोंडपाठ आहे. मुलीला मी अजून फोन केलेला नाही.